दोन शब्दांचे भांडण



वसंत व्याख्यानमाला ही न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घालून दिलेली विद्वानांची वाट. आमचे शिक्षण मोंढ्यात पोत्यांच्या थप्पीवर बसून, दुसऱ्यांनी वाचून टाकलेल्या वर्तमानपत्रांवर झालेले. तेव्हा चालकांचे बोलावणे आले त्या वेळी आम्ही ठरविले की, ज्या भांडणात आमचाच हात भाजला आहे त्याविषयी बोलावे. निदान पाठांतर करावे लागणार नाही. हौसेने लिहिणारी चार माणसे एकत्र बसली की समाजवाद आणि फॅसिझम या दोन शब्दांवरून त्यांची जी जुंपते, तो आजचा विषय आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमची एक रविवारची बैठक असे. दोन प्राथमिक शिक्षक, एक एस. टी. कंडक्टर, एक शिंपी, कोर्टातले एक कारकून, मोंढ्यातले दोन हमाल आणि आम्ही. वर्षाकाठी एक हस्तलिखित काढायचे आणि ते वाचनालयात ठेवायचे, एवढाच आमचा साहित्यसंसार. एका रविवारी त्या दोन हमालांपैकी एकाने कविता वाचली. देशाला आता चाबूकवाला माणूस पाहिजे, बाकी सगळे बोलभांड आहेत, असा तिचा आशय होता. कविता संपताच आम्ही म्हणालो, "ही कविता नव्हे, हा फॅसिझम आहे." बैठकीत शांतता झाली. कोणी तरी चहा सांगितला. तो गृहस्थ चहा न घेताच गेला आणि पुन्हा बैठकीला आला नाही. युनियनची वर्गणी मात्र दरमहा देत राहिला, हे येथे सांगितले पाहिजे.

त्यानंतर त्या शब्दाचा इतिहास शोधीत बसण्याचे वेड आम्हांला लागले. दगड मारल्यावर त्याचे वजन करण्यासारखा हा प्रकार झाला, हे आम्ही जाणून आहो.

तो शब्द मूळचा इटालीचा. 'फाशो' म्हणजे जुडी, मोळी. सिसिली बेटावर १८९१ ते १८९४ या काळात शेतमजुरांच्या आणि कामकऱ्यांच्या ज्या संघटना उभ्या राहिल्या, त्यांनीही हेच नाव घेतले होते. म्हणजे एका काळी हा शब्द आपल्याच घरातला होता! मुसोलिनीही १९१४ पर्यंत समाजवादी पक्षाच्या मुखपत्राचा संपादक होता. युद्धात उतरावे असे लिहू लागला म्हणून पक्षाने त्याला काढले आणि १९१९ च्या मार्चमध्ये त्याने मिलानमध्ये आपली नवी मोळी बांधली. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच्या टोळ्यांनी गावोगावची कामगारभवने जाळली आणि १९२६ च्या कायद्याने संप हाच गुन्हा झाला. जर्मनीचे उदाहरण तर प्रत्येक युनियनच्या कचेरीत लिहून ठेवावे असे आहे. हिटलरने १९३३ साली १ मे हा पगारी सुट्टीचा राष्ट्रीय सण म्हणून जाहीर केला. कामगारांनी मिरवणुका काढल्या. आणि दुसऱ्या दिवशी, २ मे रोजी, देशभरच्या कामगार संघटनांच्या कचेऱ्यांवर धाडी घालून पुढाऱ्यांना पकडले. पेढा एका हाताने आणि पट्टा दुसऱ्या हाताने.

आमच्यापुरती कसोटी येथून आली. कोण कोणता झेंडा मिरवतो हे मागाहून पाहू; प्रथम आपली कचेरी उघडी आहे काय आणि संप करता येतो काय, ते पाहू. ही कसोटी समाजवादाचे नाव घेणाऱ्यांनाही लावली पाहिजे, आणि ती लावली की आमच्यासारख्या लाल झेंड्याखाली वाढलेल्यांची मान खाली जाते. स्टालिनच्या रशियात कामगार संघटना होत्या, पण संपाचे नाव काढण्याची सोय नव्हती. मांडेलश्टाम हा कवी १९३८ साली बंदिछावणीत मेला, बाबेल या कथाकाराला १९४० साली गोळी घातली. हे मोंढ्यातल्या एखाद्या पोराने विचारले तर काय उत्तर देणार?

आता आपल्या मराठीकडे येऊ. १९३८ साली मुंबईच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सावरकरांनी लेखकांना लेखण्या मोडून बंदुका हाती घ्यायला सांगितले आणि मराठी लेखकांत मोठा वाद उसळला. पण आमच्या मते खरे तुंबळ युद्ध १९४२ चे. हिटलरने २२ जून १९४१ रोजी रशियावर हल्ला केला आणि तोवर साम्राज्यशाही म्हटलेले युद्ध कम्युनिस्टांच्या लेखी लोकयुद्ध झाले. त्या आधी १९३९ च्या ऑगस्टमध्ये स्टालिन आणि हिटलर यांचा अनाक्रमणाचा करार झाला होता, तो सोयीने विसरण्यात आला. इकडे समाजवादी मंडळी 'चले जाव'च्या चळवळीत भूमिगत. यांनी त्यांना फॅसिस्टांचे हस्तक म्हणावे, त्यांनी यांना इंग्रजांचे. सुभाषबाबूंची व्यंगचित्रे निघाली. पुढे कम्युनिस्ट पुढाऱ्यांनीच सुभाषबाबूंविषयीचे आपले मत चुकले हे कबूल केले.

आणि या धुळीत गाणी कोण लिहीत होते? अण्णा भाऊ साठे. वाटेगावचा, शाळेचे तोंड धड न पाहिलेला मुलगा, मुंबईत येऊन गिरणीत राबलेला. त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. ते शहर कोठे आहे हे त्यांना कोणी भूगोलाच्या तासाला शिकविले नव्हते. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. अमर शेख बार्शीचे, तेही गिरणीतूनच आलेले. पलीकडे राष्ट्र सेवा दलाचे कलापथक. त्यात वसंत बापटांसारखे कवी. दोन्हीकडची माणसे दिवसा पोटाचे काम करून रात्री गाणी बांधणारी, आणि एकमेकांचे तोंड न पाहणारी! तीच माणसे १९५६ साली संयुक्त महाराष्ट्र समितीत एका व्यासपीठावर आली. एसेम आणि डांगे शेजारी बसले. फॅसिस्ट आणि हस्तक हे शब्द कोठे गेले? आम्हांला वाटते, ज्याला 'हस्तक' म्हणायचे तोच शेजारी उभा राहून लाठी खाताना दिसला, म्हणून ते गेले.

आपल्या मराठवाड्याला मात्र हा शब्द पुस्तकातून शिकावा लागला नाही. हिंगोली निजामाच्या राज्यातली. रझाकार काय होते हे आमच्या आज्या सांगत. पण तीही गोष्ट आपण अर्धीच सांगतो. हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला, त्यांचा हात तोडला. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, त्याच्या महिनाभरच आधीची ही घटना. मख्दूम मोहिउद्दीन हे त्याच शहरातले उर्दू कवी आणि कामगार पुढारी. मुक्तिदिनाच्या भाषणांत ही दोन नावे आम्हांला फार क्वचित ऐकू येतात, म्हणून मुद्दाम घेतली.

आणखी एक प्रसंग, आणीबाणीचा. १९७५ साली इंदिराबाईंच्या राजवटीला विरोधक फॅसिस्ट म्हणत होते, आणि भारतीय कम्युनिस्ट पक्ष जयप्रकाशांच्या आंदोलनाला फॅसिस्ट म्हणत होता. त्याच डिसेंबरात पाटण्यात, म्हणजे जयप्रकाशांच्या गावात, त्या पक्षाने फॅसिझमविरोधी परिषद भरविली! इकडे कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्यासाठी उभ्या राहिल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. दलित पँथरमधले नामदेव ढसाळ आणि राजा ढाले मार्क्स की बुद्ध या प्रश्नावरून १९७४ सालीच दुरावले होते; ढसाळांनी आणीबाणीत इंदिराबाईंची बाजू घेतली. कोणाला काय म्हणायचे? आम्ही पुन्हा आपली कसोटी काढतो. सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकुमाने कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनेच्या उद्देशपत्रिकेत 'समाजवादी' हा शब्द घातला. कागदावर शब्द आला, पगाराच्या पाकिटातून पैसे गेले. आमचे जुने सहकारी या उदाहरणावर अजूनही रागावतात, रागावोत.

नरहर कुरुंदकर आपल्या जिल्ह्यातील नांदापूरचे. इंटरच्या परीक्षेत अनेकदा नापास झालेला हा माणूस महाराष्ट्रभर व्याख्याने देत फिरला आणि १९८२ साली औरंगाबादला व्यासपीठावरच गेला. त्यांची पुस्तके वाचताना आम्हांला सर्वांत जास्त टोचले ते हे की, विरोधकाचे म्हणणे ते आधी पुरते मांडीत, इतके की विरोधकालाही तितके नीट मांडता येऊ नये. आणि मगच घाव घालीत. आमच्या त्या रविवारी आम्ही घाव आधीच घातला होता.

गेल्या दिवाळीत तो हमाल बांधव मोंढ्यात भेटला. आता पाठीने काम होत नाही; दुकानाबाहेर बसून पोती शिवतो. आम्ही धीर करून त्या कवितेचा विषय काढला. तो दाभण थांबवून म्हणाला, "भाऊ, तुमी शब्द फेकून मारला. पर चाबूक कामून मागितला, ते इचारलंच न्हाई."

आम्ही तेथेच, उशिरा का होईना, विचारले. त्या वर्षी त्याची तीन महिन्यांची हमाली एका व्यापाऱ्याने बुडविली होती. तक्रारीचा कागद तो युनियनच्या कचेरीत देऊन गेला होता, आणि तो कागद आमच्याच टेबलावर, आमच्याच फायलीत पडून राहिला होता. बैठकीच्या दिवशीही तो तेथेच होता.

या वर्षी हस्तलिखित पुन्हा काढण्याचे ठरले आहे. आम्ही त्याला ती कविता मागितली. कागद कधीच गेला, पण कडवी पाठ आहेत, असे तो म्हणाला. लिहून घ्यायला केव्हा येऊ, असे विचारले तर म्हणाला, "आधी त्या व्यापाऱ्याचं काय झालं ते सांगा, मंग या." तो व्यापारी वारला, मुलगा दुकान चालवितो. त्याच्याकडे आम्ही आतापर्यंत दोनदा जाऊन आलो. परवा तिसऱ्यांदा जायचे आहे.