गोल्डन गेट उद्यानांतील जपानी बाग

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरांत गोल्डन गेट नांवाचें विस्तीर्ण उद्यान आहे. त्याची लांबी सुमारें तीन मैल, रुंदी अर्धा मैल आणि क्षेत्र एक हजार एकरांहून थोडें अधिक. तेथील गर्द छायेंतून हिंडणाऱ्यास खरें वाटणार नाहीं. परंतु दीडशें वर्षांपूर्वीं या जागीं वाऱ्याबरोबर सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या होत्या. १८७१ पासून विल्यम हॅमंड हॉल या इंजिनियरानें त्या वाळूंत आधीं जव आणि मग ल्युपिनचीं झुडपें वाढवून ती जागच्या जागीं बांधून धरली. पुढें जॉन मॅक्लॅरन या स्कॉटलंडच्या माळ्यानें पन्नासांहून अधिक वर्षें, १९४३ सालीं मृत्यु येईपर्यंत, तेथें झाडें जोपासलीं.

उद्यानांत एक मोठें कृत्रिम तळें आहे. मधोमध स्ट्रॉबेरी हिल नांवाची टेकडी, भोंवतीं पाणी आणि पाण्यावर संथपणें फिरणाऱ्या होड्या. या तळ्यापासून थोडें चाललें कीं जपानी चहाची बाग लागते. १८९४ च्या प्रदर्शनासाठीं जॉर्ज टर्नर मार्श यानें येथें एक जपानी खेडें उभारलें होतें. प्रदर्शन संपल्यावर माकोतो हागिवारा या जपानी गृहस्थानें त्याची बाग केली आणि पदरचा पैसा ओतून ती सुमारें पांच एकरांपर्यंत वाढविली.

आलेल्या पाहुण्यास सारें एकदम दाखवूं नये, असा जपानी उद्यानकलेचा दंडक आहे. म्हणून येथील वाट सरळ जात नाहीं. एका वळणावर पाण्याचा आवाज ऐकूं येतो, दुसऱ्या वळणावर पाणी दिसतें. त्याचें पलीकडील टोंक मात्र झाडांआड राहतें. लांकडी कमानीचा पूल इतका उभा आहे कीं, चढणाऱ्याला पाऊल जपूनच टाकावें लागतें. खालच्या पाण्यांत त्याची छाया पडली म्हणजे अर्धवर्तुळाचें पूर्ण वर्तुळ होतें.

हागिवारा १९२५ सालीं वारला. त्याच्या मुलीनें व तिच्या कुटुंबानें बाग सांभाळली. त्यांचें घरही बागेंतच होतें. जपानशीं युद्ध सुरू झाल्यावर फेब्रुवारी १९४२ मध्यें अध्यक्ष रूझवेल्ट यांचा हुकूम निघाला आणि जपानी वंशाच्या सुमारें एक लाख वीस हजार माणसांना घरें सोडून छावण्यांत जावें लागलें. त्यांपैकीं बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. हागिवारा कुटुंबही गेलें. बागेंतील त्यांचें घर पाडण्यांत आलें, आणि ‘जपानी’ हा शब्द पुसून बागेला ‘पौर्वात्य चहाची बाग’ असें नांव देण्यांत आलें. तळीं, पूल आणि मासे मात्र जपानीच राहिले!

१९५२ सालीं जुनें नांव परत आलें. दुसऱ्याच वर्षीं जपानी मुलांनीं लहान लहान वर्गण्या जमवून पाठविलेला सुमारें चार टन वजनाचा ब्राँझचा शांतिदीप बागेंत बसला. ज्या कुटुंबानें ती राखिली, त्याचा मान व्हावयास आणखी वीस वर्षांहून अधिक काळ लोटावा लागला. १९७४ सालीं प्रवेशद्वारापाशीं हागिवारा कुटुंबाच्या स्मरणार्थ ब्राँझचा फलक लागला. तो घडविणारी शिल्पकार रूथ असावा हिनें मुलगी असतांना स्वतः छावणींतील बंदिवास भोगला होता.

पाहुणे येतात, पूल चढून जातात, चहा घेतात, मासे पाहून मुलांसह परततात. फलकापाशीं क्षणभर थांबणारे थोडे. पण जो थांबतो, त्याला परततांना ती बाग निराळी दिसते. दगडाशेजारीं दगड आणि वळणापुढें वळण मांडणारा हात कोणाचा होता, हें त्याला कळलेलें असतें. वाळू बांधून धरण्यास येथें जव व झुडपें पुरलीं. माणसांची आठवण बांधून ठेवण्यास मात्र माणसेंच लागलीं.