एका गिरणीकामगाराचे पुण्यस्मरण
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी देणगीदारांची छायाचित्रे आणि पदवीधरांची नावे छापली जातात. ते योग्यच आहे. परंतु त्या पदव्यांची फी ज्यांच्या पगारातून गेली, त्यांची नोंद क्वचितच होते. म्हणून ज्यांना जाऊन बरीच वर्षे लोटली, अशा एका निवृत्त गिरणीकामगाराचे स्मरण करण्यास आम्ही उभे आहोत. ज्ञातीत सारे त्यांना तात्या म्हणत.

तात्या कोकणातून परळला आले ते बदली कामगार म्हणून. बदलीवाल्याने भोंग्याबरोबर गिरणीच्या दरवाजाशी जावे. कोणाचा खाडा असेल तर काम, नसेल तर परतीची वाट. पुढे ते साचेखात्यात कायम झाले. कांडी बदलली की धोट्याच्या छिद्राला तोंड लावून सूत ओढावे लागे आणि कापसाची धूळ छातीत जाई. या तोंड लावण्याचेच निमित्त करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना या अधिक मिळकतीच्या खात्यातून दूर ठेवले जाई. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय चव्हाट्यावर मांडला. आपल्याला साचा मिळाला त्यात हाताच्या कसबाइतकाच जातीचाही वाटा होता, असे तात्या ज्ञातीच्या सभेत उघड सांगत. ते अनेकांना रुचत नसे.

त्यांचा संसार मनीऑर्डरीवर चालला. पत्नी व मुले गावी. तात्या चाळीतल्या सामाईक खोलीत, जेवण खानावळीत. गणपती आणि शिमगा एवढीच काय ती भेट. पुढे एका खोलीत बिऱ्हाड झाले, तेव्हा रात्रपाळी करून आलेले तात्या मुलांचा अभ्यास आटोपेपर्यंत बाहेरच्या गॅलरीत बसून राहत.

निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतून गावचे घर बांधावे, असा त्यांचा मनोदय होता. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांत तात्यांचा थोरला मुलगाही होता. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि हजारोंना पुन्हा काम मिळाले नाही. घरासाठी राखलेला पैसा दोन चुली पेटत्या ठेवण्यात आणि नातवंडांच्या फीत संपला. गावचे घर झाले नाही. पण एकाही नातवंडाची शाळा सुटली नाही. मुलाला त्यांनी कधी बोल लावला नाही.

सज्जनहो, केवळ हार घालून हे ऋण फिटणार नाही. आमची दोन मागणी आहेत. पुढील वर्षापासून प्रत्येक पदवीधराच्या नावाखाली, ज्याच्या श्रमावर तो शिकला त्याचे नाव व व्यवसाय छापावा. आणि आपल्या विद्यार्थी निधीतून दरसाल एक साहाय्य गिरणीकामगाराच्या वारसास, त्याची जात न विचारता, द्यावे. तात्यांनी भर सभेत जे सांगितले, त्याचा मान राखण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.