तळहातावरच्या पिवळ्या रेघा

तळहाताच्या रेघा पिवळसर-नारिंगी दिसू लागल्या, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. रक्तात चरबीचे अर्धवट पचलेले कण साचल्याची ती खूण असू शकते. हे कण उचलायला यकृताला ‘अपो-ई’ हे प्रथिन लागतं. त्याच्या जनुकाचा ‘ई-२’ प्रकार आई आणि वडील, दोघांकडून आला, की ही उचल मंदावते. तरीही अशा बहुतेकांचं रक्त ठीकच असतं! मात्र मधुमेह, सुटलेलं पोट किंवा थायरॉइडचा आजार जोडीला आला, की कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही एकदम चढतात. इन्सुलिन नीट लागू पडेनासं झालं, की यकृत आणखी चरबी रक्तात सोडतं. तेव्हा ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून हात टेकू नका. वजन आणि साखर आटोक्यात आली, की या रुग्णांचे आकडे खूपच उतरतात. गरज पडल्यास औषधंही आहेत.