नवी पिकअप आणि ढिला बोल्ट



आम्ही कापूस वाहायला पिकअप घेतली. पंधरा दिवसांत जिनिंगच्या दारात बंद पडली, तीही भरलेली! मिस्त्री म्हणाला, बॅटरी बदला. आम्ही आधी मीटर लावला. साडेबारा व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. पण स्टार्टर मारला की दिवे मालवायचे. खोट निघाली अर्थिंगच्या पट्टीत. चेसिसवरचा बोल्ट ढिला, खाली कारखान्याचा रंग तसाच. रंगातून करंट जातो थोडाच?

मिस्त्रीला वायर मात्र कापू दिली नाही. वॉरंटी नाकारायला विक्रेत्याला आयतं निमित्त मिळालं असतं. दोष जॉबकार्डावर लिहून घेतला, मगच दुरुस्ती. स्वतः राबून पोट भरण्यासाठी गाडी घेणारा कायद्याने ग्राहकच. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

जॉबकार्ड सोबत आणलंय. जेवणाच्या सुट्टीत बघून घ्या.