जमवून कोणी घ्यायचे?

(तळेरे येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



तळेऱ्याहून महामार्गाने एक वाट मुंबईला जाते, एक गोव्याला आणि घाट चढून एक कोल्हापूरला. पिढ्यान्‌पिढ्या आपली मुले याच वाटांनी नोकरीसाठी निघाली. निरोप देताना वडीलधारी माणसे सांगतात, ‘जमवून घे.’ त्यामागील माया मी जाणतो. पण जमवून नेहमी माणसानेच का घ्यावे?

आगरकर १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी जमेना, तेव्हा १८८७ साली त्यांनी ते पत्र सोडले आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. मनाला न पटणारे लिहिण्यापेक्षा त्यांनी जागा बदलली.

दुसरे उदाहरण आपल्या घरचेच. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक मधु दंडवते यांना तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाने १९७१ पासून पाच वेळा लोकसभेवर पाठविले. १९७७ साली रेल्वेमंत्री होताच त्यांनी १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना परत घेतले. द्वितीय श्रेणीच्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या आणल्या. त्यांनी स्वतःला खात्याच्या साच्यात बसविले नाही, खात्यालाच आपल्या मूल्यांकडे वळविले.

परंतु ज्याला नोकरी सोडणे परवडत नाही आणि ज्याच्या हाती अधिकारही नाही, त्याने काय करावे? गिरणगावातला आपला चाकरमानी असाच होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. प्रश्न केवळ पगाराचा नव्हता. आपल्या वतीने कोणत्या संघटनेने बोलावे, हे ठरविण्याचा हक्कही त्यांना हवा होता. संप फसला, हजारो संसार उघड्यावर पडले. ती किंमत विसरता येणार नाही; पण तो प्रश्न आजही जिवंत आहे.

आज हॉटेलात वा कंत्राटदाराकडे राबणाऱ्या मुलाला कोणी खोट्या नोंदी करावयास सांगितले, तर एकट्याने ‘नाही’ म्हणणे म्हणजे दुसऱ्या दिवशी घरी बसणे. प्रामाणिकपणा टिकवायचा तर पाठीशी चार माणसे लागतात.

म्हणून गणपतीला मुले गावी येतील तेव्हा केवळ पगार विचारू नका. नेमणूकपत्र मिळाले का, कामाचे तास किती, तक्रार मांडायला संघटना आहे का, हे विचारा. आणि ‘जमवून घे’ म्हणण्याआधी सांगा, ‘एकटा राहू नकोस.’