वळ पुसण्याआधी



होमिओपॅथीच्या डॉक्टरानं कायद्यावर काय बोलावं, असं आपल्याला वाटेल. मी वकील नाही. पण बेळगावात दवाखाना चालवताना मोर्चातून मार खाऊन आलेली मुलं पाहिली, तसेच दगड लागलेले शिपाईही पाहिले. दोघांनाही आर्निका दिलं. आज मात्र औषधाबद्दल नाही, नोंदीबद्दल बोलायचं आहे.

१९८६ सालचा कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातला गोळीबार आणि २०१४ सालचा येळ्ळूरचा लाठीमार आपल्या घराघरांत अजून सांगितला जातो. सांगितला जातो; पण कागदावर किती उतरला?

लाठीचा वळ ओळखू येतो. दोन समांतर लाल रेघा, मधली जागा फिकट. लाल रंग निळसर होतो, पाच-सहा दिवसांनी हिरवट, मग पिवळा. साधारण दोन आठवड्यांत तो जातो. हाताच्या बाहेरच्या बाजूला वळ असतील, तर माणसानं मार चुकवायला हात वर धरला होता, असं बहुतेक वेळा समजावं. पोटऱ्यांवर नि पाठीवर असतील, तर तो पाठमोरा होता किंवा खाली पडला होता. शरीर साक्ष देतं. पण थोडेच दिवस.

एक तरुण माझ्याकडे चौथ्या दिवशी आला. पाठ पाहिली, गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. सरकारी दवाखान्यात जाऊन लिहून घे, हे सांगायचं मला सुचलं नाही. महिन्यानं त्याचे वडील आले, "डॉक्टर, एक दाखला द्या." तोवर पाठ स्वच्छ झाली होती. ती चूक माझी.

कायदा पोलिसांना बळ वापरू देतो. बेकायदा जमाव पांगवायचा असेल, अटकेला कोणी विरोध करत असेल, तर जरूर तेवढं. प्रश्न 'तेवढं' या शब्दाचा आहे. २००७ साली जम्मूतल्या कटऱ्याजवळ मोर्चेकऱ्यांना मारहाण झाली. अनिता ठाकूर खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं मोर्चेकऱ्यांच्या दगडफेकीकडे डोळेझाक केली नाही. पण परिस्थिती आटोक्यात आल्यावरही मार चालू राहिला, तो बळाचा अतिरेक ठरवला आणि नुकसानभरपाई द्यायला लावली. माणूस हाती लागला की लाठीचं काम संपतं, एवढा साधा अर्थ.

डी. के. बसू खटल्यात १९९६ साली न्यायालयानं अटकेचे नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीनं व्हावा, नातेवाइकाला कळवावं. अटक झालेल्यानं मागणी केली, तर अंगावरच्या लहानमोठ्या जखमा लिहून त्यावर दोघांच्या सह्या व्हाव्यात आणि प्रत त्याला मिळावी. मागणी केली तर, हे शब्द लक्षात ठेवा.

आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३ सांगतं, की अटकेनंतर वैद्यकीय तपासणी व्हावी, जखमा आणि त्या अंदाजे कधीच्या हे डॉक्टरनं लिहावं, आणि अहवालाची प्रत द्यावी. ही तपासणी सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याची. तो नसेल तर आधुनिक वैद्यकाच्या नोंदणीकृत डॉक्टरची. माझी बी.एच.एम.एस. त्यात बसत नाही. म्हणून माझ्याकडे आधी येऊ नका.

'नुसतं ताब्यात घेतलं, संध्याकाळी सोडलं' असं झालं, तर अटकेची नोंदच नसते. तेव्हा सुटल्याबरोबर स्वतः सरकारी रुग्णालयात जा, जखमा लिहून घ्या, तारखेसह फोटो काढा. पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत, असं न्यायालयानं २०२० साली सांगितलं आहे. चित्रण जपून ठेवावं, असा अर्ज लगेच द्या. पोलीस तक्रार प्राधिकरण असावं, हा आदेश २००६ सालचा आहे. तिथंही कागदच विचारतील.

आम्ही जैन दरवर्षी क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागतो. पण क्षमेआधी आलोचना असते, म्हणजे आपला दोष स्वतःच्या तोंडानं सांगणं. मला पोलिसांबद्दल वैर नाही. क्षमा करायचीच आहे. पण काय झालं तेच कोणी कबूल करत नसेल, तर क्षमा कशाची करायची?

त्या मुलाची पाठ बरी झाली. दाखला मात्र मी कधीच देऊ शकलो नाही. तुमच्या घरातलं कोणी मार खाऊन आलं, तर हळद लावायच्या आधी ते लिहून घ्या.