टोपीवरचा स्तंभ

१ जानेवारी आली की घाटकोपर, मुलुंडकडून कितीतरी गाड्या भीमा कोरेगावच्या वाटेला लागतात. तिथल्या विजयस्तंभापुढे माणसे माथा टेकतात. हाच स्तंभ एके काळी सैनिकांच्या टोपीवर होता.

महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १ जानेवारी १८१८ला पेशव्यांच्या फौजेशी कंपनीच्या बाजूने लढताना पडलेल्यांची नावे या स्तंभावर कोरली आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ते महार शिपाई. पुढे इंग्रजांच्या डोक्यात ‘लढाऊ जाती’चे खूळ शिरले आणि १८९०च्या दशकात याच समाजाला लष्कराचे दार बंद झाले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४मध्ये अर्ज लिहिला. दार उघडले नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७मध्ये, १११वी महार पलटण उभारली. गरज सरताच १९२१मध्ये मोडलीही! सुभेदार रामजींचे चिरंजीव डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ला स्तंभापाशी गेले, ते ही सगळी हकिगत मनात घेऊनच. ‘तुम्ही लढवय्ये नाही’ म्हणणाऱ्यांना दाखवायला दगडावरची ती नावे होती. बिल्ल्यावर स्तंभ आला तो त्यासाठी.

१९४६मध्ये ही मशिनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यावर एकमेकींना छेद देणाऱ्या दोन व्हिकर्स मशिनगन आल्या. पुढे स्तंभ जाऊन तिथे खंजीर आला. कंपनीच्या विजयाची खूण स्वतंत्र देशाच्या टोपीवर कशाला, असा विचार त्यामागे असावा. मला मात्र त्या दगडावर कंपनीपेक्षा शिपायांची नावेच मोठी दिसतात. गंमत अशी की साठच्या दशकात रेजिमेंट पुन्हा साधी पायदळाची झाली, तरी मशिनगन बिल्ल्यावरच राहिल्या.

ब्रीद ‘यश सिद्धी’. आता तिच्यात देशभरातले, सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. आणि आपल्या मुंबईत जन्मलेले, इथेच शिकलेले तमिळभाषक मेजर रामस्वामी परमेश्वरन, ८ महार. २५ नोव्हेंबर १९८७ला श्रीलंकेत छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. या रेजिमेंटचे ते पहिले परमवीर.